अन्ननलिका फाटली, पण डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको

पत्र थोडक्यात असं आहे: "बाबा ६८ वर्षांचे. बरेच महिने घास अडकायचा, तपासणीत कळलं की ॲसिडिटीमुळे अन्ननलिका खालच्या बाजूला आकसलीये, बायोप्सीत कॅन्सर नाही. दुर्बिणीतून फुग्याने ती जागा रुंद करताना अन्ननलिका फाटली. डॉक्टरांनी लगेच बाहेर येऊन सांगितलं, त्याच दिवशी सीटी स्कॅन केला आणि म्हणाले भोक लहान आहे, ऑपरेशन नको, स्टेंट टाकतो. आता आत स्टेंट, डाव्या छातीत नळी, तोंडाने काहीही नाही, अँटिबायोटिक चालू. आज पाचवा दिवस. काका म्हणतात फाटलेलं शिवल्याशिवाय जुळतं का कधी, दुसरीकडे हलवा. आईच्या मैत्रिणीचीही अन्ननलिका फाटली होती, ती तर दोन दिवसांत घरी आली. बाबा सारखे पाणी मागतात, परवा रात्री आईने कुणाचं लक्ष नसताना दोन चमचे पाणी पाजलं आणि तेव्हापासून तिची झोप उडालीये. आम्ही कुठे चुकतोय का?"

ताई, आधी सगळ्यात तातडीचं सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचा. त्या दोन चमचे पाण्याचं आजच, पुढच्या राउंडची वाट न बघता, ड्युटीवर जे डॉक्टर असतील त्यांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका. दोन चमच्यांनी फार काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, कारण स्टेंट, म्हणजे आत बसवलेली जाळीची नळी, जागेवर असेल तर ते पाणी स्टेंटच्या आतूनच खाली गेलं असणार, आणि तसंही माणूस स्वतःची लाळ दिवसभर गिळतच असतो, चांगली अर्धा ते दीड लिटर. पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते छातीच्या नळीतून काय येतंय ते जास्त बारकाईने बघतील, वाटलं तर डाय (एक्सरेत उठून दिसणारं औषध) पाजून एक्सरे लवकर काढतील, आणि माहीतच नसेल तर उद्या ताप चढल्यावर कारण शोधण्यात वेळ जाईल. आईला मात्र काही बोलू नका प्लीज. नवरा पाणी मागतोय आणि आपण द्यायचं नाही, हे पाच दिवस सहन करणं सोपं नाहीये.

त्यांची तहान ही बरीचशी तोंडाची तहान आहे, शरीराला लागणारं पाणी सलाईनमधून जातंय. त्यामुळे तोंडाची काळजी घ्या, त्याने खूप फरक पडतो. ओल्या गॉझने जीभ, गाल, हिरड्या आतून दर एकदोन तासांनी पुसायच्या, गॉझ पिळून घ्यायचा म्हणजे पाणी घशात उतरत नाही, ओठांना व्हॅसलिन लावायचं. नर्सने हो म्हटलं तर चूळ भरू द्या पण बसवून, तोंडापुढे भांडं धरून, आणि जेवढं पाणी तोंडात गेलं तेवढं भांड्यात पडलेलं आपल्या डोळ्यांनी बघून. दात घासता येत असतील तर घासू द्या, तोंडातले जंतू कमी म्हणजे लाळेबरोबर खाली जाणारे जंतूही कमी. हे काम आईकडे द्या. तिला काहीतरी करायचंच आहे, मग उपयोगाचं करू दे.

आता काकांचा प्रश्न. तो वेडगळ नाहीये, अनेक वर्षं सर्जनसुद्धा हेच म्हणायचे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब, हृदयाच्या मागून, दोन फुफ्फुसांच्या मधून खाली जाते, आणि पोटातल्या आतड्यांना बाहेरून जे एक चिवट आवरण असतं ते हिला नसतं. त्यात श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो, म्हणजे भोक असेल तर लाळ, ॲसिड, हवा, जंतू सगळं प्रत्येक श्वासाला बाहेर खेचलं जातं, थेट हृदयाच्या आजूबाजूच्या जागेत. तिथे इन्फेक्शन पसरलं की तासांचा हिशेब असतो. १७२४ मध्ये हर्मन बोअरहाव्ह या डच डॉक्टरांनी एका ॲडमिरलच्या बाबतीत हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, जोराच्या उलट्यांनी त्याची अन्ननलिका फाटली आणि दिवस उलटायच्या आत तो गेला, आणि त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं यावर इलाज असा नव्हताच, १९४७ मध्ये कुठे फाटलेली अन्ननलिका शिवून पेशंट वाचल्याची नोंद आली. त्यामुळे फाटली की छाती उघडा आणि शिवा, हाच नियम होऊन बसला.

मग १९७९ मध्ये जॉन कॅमेरॉन हे अमेरिकन सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निवडक पेशंटना ऑपरेशन न करता सांभाळल्याचं छापलं, आणि कोणाला निवडायचं त्याच्या अटीही सांगितल्या. गळती एका जागी अडकलेली असावी, गळलेलं परत अन्ननलिकेतच येत असावं, लक्षणं कमी असावीत, रक्तात इन्फेक्शन पसरल्याच्या खुणा नसाव्यात. तेव्हापासून स्टेंट आले, भोकाच्या कडा चिमटून बंद करणाऱ्या क्लिप आल्या, सीटीने नेमकं कुठे काय साठलंय ते दिसायला लागलं, म्हणून हा रस्ता आता बराच रुंद झालाय, पण अटींचा गाभा तोच आहे.

आणि शिवल्याशिवाय जुळतं का, तर हो, जुळतं. अन्ननलिकेच्या भोकाला बरं व्हायला तीन गोष्टी लागतात, तिथून गळणं थांबलं पाहिजे, जे आधीच गळलंय ते बाहेर निघालं पाहिजे आणि शरीराला पोषण मिळालं पाहिजे. तुमच्या बाबांचा स्टेंट पहिलं काम करतोय, छातीतली नळी दुसरं, आणि तिसऱ्याबद्दल खाली लिहिते. उलट शिवण्याचीही एक अडचण काकांना सांगा, काही तास उलटून गेले की भोकाच्या कडा सुजतात, मऊ पडतात, आणि सुजलेल्या मांसात टाका धरत नाही, ओढला की कापत जातो, म्हणजे शिवल्यावरही तिथून गळू शकतं. शिवाय ६८ व्या वर्षी छाती उघडायची, ऑपरेशनभर एक फुफ्फुस बंद ठेवायचं, हे काही छोटं काम नाही. ते टाळता येत असेल आणि टाळणं सुरक्षित असेल तर टाळलेलंच बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रावरून बाबांच्या बाजूने बऱ्याच गोष्टी दिसतात. फाटल्याचं तिथल्या तिथे कळलं, हे सगळ्यात मोठं. जगभरात अन्ननलिकेची निम्म्याहून जास्त भोकं अशी तपासणी किंवा उपचार करतानाच पडतात, आणि त्यात दोन फायदे असतात, पेशंट उपाशी असतो त्यामुळे बाहेर अन्न सांडत नाही, आणि डॉक्टर समोरच असतात. त्यांनी लगेच बाहेर येऊन खरं सांगितलं, लगेच सीटी केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण २४ तासांच्या आत इलाज सुरू होणं आणि नंतर होणं यात जिवाच्या धोक्याचा मोठा फरक पडतो. कॅन्सर नाही हेही चांगलं. एक गोष्ट विरोधात जाऊ शकली असती, ती म्हणजे अरुंद जागा, कारण भोकाच्या खाली रस्ता अडलेला असेल तर वरचं सगळं भोकातूनच बाहेर ढकललं जातं आणि मग नुसतं उपाशी ठेवून भागत नाही. पण स्टेंट भोक झाकतो आणि अरुंद जागाही उघडी ठेवतो, म्हणून या केसमध्ये तो टाकणं मला पटतं.

हा स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची नळी, तिच्यावर पातळ आवरण असतं आणि ती आतून फुलून भिंतीला टेकते. टाकल्यावर दोनतीन दिवस छातीत दाबल्यासारखं दुखतं, ते अपेक्षित आहे, त्यासाठी वेदनाशामक मागा, सहन करत बसायला लावू नका. तुम्ही वाचलं असेल की काही ठिकाणी क्लिप लावतात किंवा स्पंज घालतात. क्लिप लहान, ताज्या, स्वच्छ भोकाला, साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत, त्यापुढे कठीण होतं. स्पंजवाली पद्धत म्हणजे भोकात किंवा भोकासमोर स्पंज ठेवून नाकातून आलेल्या नळीने सतत ओढ द्यायची, त्याने घाण निघत राहते आणि जखम आतून भरत येते, पण तो स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी परत दुर्बीण घालून बदलावा लागतो, काही आठवडे. स्टेंटने नाही जमलं तर हा पर्याय आहे का तुमच्याकडे, हे मात्र आत्ताच विचारून ठेवा.

एक समजून घ्या, यातला कुठलाच निर्णय पहिल्या दिवशी घेऊन संपलेला नसतो. ऑपरेशन न करणं हे रोज सकाळी परत ठरतं, म्हणजे ठरलं पाहिजे. आजचे पेशंटचे आकडे कालच्यापेक्षा बरे किंवा तेवढेच आहेत का, हे बघून पुढे जायचं, आणि बिघडत असेल तर दोन दिवस वाट बघू म्हणत बसायचं नाही. तुम्ही तिथे चोवीस तास असता, डॉक्टर काही मिनिटं, म्हणून काय बघायचं ते सांगते.

पल्स. तापापेक्षा मी पल्सकडे आधी बघते, कारण इन्फेक्शन वाढायला लागलं की ती आधी चढते. निवांत पडलेल्या माणसाची पल्स काल ८४ होती आणि आज ११० झालीये तर ताप नसला तरी नर्सला बोलवा. बाबा बीपीसाठी पल्स कमी ठेवणारी गोळी घेत असतील तर ही खूण लपू शकते, ते डॉक्टरांना माहीत आहे ना एवढं खात्री करा. वयस्कर माणसांना कधीकधी ताप येतच नाही, ते नुसते गप्प होतात, वेळकाळ विसरतात, काहीतरी असंबद्ध बोलतात, त्याला म्हातारपण म्हणून सोडू नका. श्वास जोरात चालणं, बोलताना वाक्य तुटणं, छातीत किंवा पाठीत नव्याने दुखणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही. आणि मानेवर, गळ्याखालच्या हासळीच्या हाडाच्या वर बोटाने हलकं दाबून बघा, कातडीखाली करकर असा बारीक आवाज किंवा बुडबुड्यांसारखं लागतंय का. ती कातडीखाली शिरलेली हवा असते. पहिल्या दिवशी थोडी असेल तर ती हळूहळू जिरते, पण गेलेली परत आली किंवा वाढत चालली तर गळती चालू असण्याची शक्यता आहे, लगेच सांगायचं.

छातीच्या नळीची बाटली. ती कायम छातीच्या खाली राहिली पाहिजे, बाथरूमला जाताना किंवा स्कॅनला नेताना कुणी बेडवर उचलून ठेवली तर हटकून खाली घ्यायला सांगा, आणि नळी कुशीखाली दबलेली किंवा पिळलेली नाही ना हे बघत जा. सुरुवातीला लालसर येतं, मग फिकट पिवळं होत जातं, हे ठीक. गढूळ, वास मारणारं, हिरवट किंवा लाळेसारखं फेसाळ यायला लागलं तर ठीक नाही. आणि एकदम यायचं बंद झालं म्हणजे बरं झालं असंही नाही, नळी चोंदलेली असू शकते. मोबाईलमध्ये रोज एकाच वेळेला बाटलीचा फोटो काढून ठेवा, रंगाबद्दल आठवणीवर विसंबण्यापेक्षा हे बरं, आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

स्टेंटचा मुख्य त्रास म्हणजे तो सरकतो. अचानक उलटी, नवीन दुखणं, नळीतून परत घाण, असं झालं तर साध्या एक्सरेतही त्याची जागा दिसते. आणि तो आवरण घातलेला स्टेंट जठराच्या तोंडापर्यंत उतरलेला असेल तर झडप उघडी राहते आणि ॲसिड वर येतं, म्हणून बाबांना सपाट झोपवू नका, डोक्याकडचा बेड उचललेलाच ठेवा, रात्रीसुद्धा, आणि ॲसिड कमी करणारं इंजेक्शन चालू आहे ना विचारा.

पोषणाचं. पाच दिवस नुसतं सलाईन असेल तर ते मला चालणार नाही, सलाईनमध्ये पाणी, मीठ, थोडी साखर असते, जखम भरायला प्रोटीन लागतं. उद्या सकाळी हेच पहिलं विचारा, पोषण कसं देताय. दोन रस्ते आहेत, शिरेतून पूर्ण पोषण, ज्याला टीपीएन म्हणतात, किंवा आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून पातळ फीड. आतडं वापरता येत असेल तर बहुतेक डॉक्टर नळीला पसंती देतात. पण अशा पेशंटच्या नाकातून नळी घालायची तर दुर्बिणीने किंवा एक्सरेच्या मदतीने बघत घालावी लागते, आंधळेपणाने घातली तर ती भोकातून बाहेर जाऊ शकते किंवा स्टेंट हलवू शकते. त्यामुळे नाकातली नळी निघाली तर ती बेडवरच परत घालायला कुणी आलं तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की आधी मोठ्या डॉक्टरांना विचारा. हे प्लीज लक्षात ठेवा.

हलवायचं का. माझं उत्तर असं की हॉस्पिटल बदलायचं ते काकांच्या शंकेवरून नाही, तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून. उद्या ऑपरेशनची गरज पडलीच तर छातीचं ऑपरेशन करणारे सर्जन इथे आहेत का आणि त्यांनी बाबांना आत्तापर्यंत एकदा तरी तपासलंय का. आत काही साठलं तर सीटी बघत बाहेरून बारीक नळी टाकणारं कोणी आहे का. आणि रात्री अपरात्री आयसीयू मिळेल का. तिन्हींना हो असेल आणि बाबांचे आकडे सुधारत असतील तर त्यांना गाडीत घालून फिरवण्यात मला तरी फायदा दिसत नाही. एखाद्याला नाही असेल तर बाबा स्थिर आहेत तोवरच, म्हणजे आत्ताच, शांतपणे हलवण्याबद्दल त्याच डॉक्टरांशी बोला. बीपी पडल्यावर हलवायला निघालं तर ते फार धोक्याचं असतं. सेकंड ओपिनियन मात्र कधीही घ्या, त्यासाठी पेशंट हलवायला लागत नाही, सीटीची सीडी आणि रिपोर्ट दाखवले तरी पुरतं, आणि चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

ऑपरेशनला नाही म्हणून बसू नका हेही सांगते, कारण पत्रातून असं वाटतंय की आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. डाय छातीच्या पोकळीत मोकळा पसरताना दिसला, पू नळीने निघत नसेल, अँटिबायोटिक आणि नळी असूनही इन्फेक्शन वाढतच असेल, बीपी सांभाळायला औषधं लागायला लागली, तर ऑपरेशन हाच जीव वाचवणारा रस्ता असतो आणि तेव्हा सही करायला उशीर करायचा नाही. काही वेळा दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून छाती धुऊन काढतात आणि स्टेंट तसाच ठेवतात, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असंही नसतं.

आईच्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी असणार. उलट्यांच्या जोराने नुसतं आतलं अस्तर फाटतं, त्याला मॅलरी-वाइस टिअर म्हणतात, १९२९ मध्ये त्याचं वर्णन झालं, त्यात रक्ताची उलटी होते पण बहुतेकांचं रक्त आपोआप थांबतं आणि माणूस लवकर घरी येतो. बाबांची भिंत आरपार गेलीये. दोघांनाही लोक अन्ननलिका फाटली असंच म्हणतात त्यामुळे घोळ होतो, पण त्यांच्या दोन दिवसांशी बाबांच्या दिवसांची तुलना करू नका, उगाच मन खचतं.

(हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, जोराच्या उलट्यांनंतर अचानक छातीत भयंकर दुखायला लागलं तर गॅस झाला म्हणून घरी पाणी, सोडा, अँटासिड काही पाजू नका, तोंडाने काहीही न देता थेट इमर्जन्सीत न्या आणि आधी उलट्या झाल्या होत्या हे तिथे आवर्जून सांगा. हार्ट अटॅक समजून यात वेळ जातो. ऑपरेशनशिवाय बरं होणं हे घरी बरं होणं नव्हे.)

पुढचं कसं असेल. तोंडाने सुरू करण्याआधी पाण्यात विरघळणारा डाय पाजून एक्सरे काढतात, गळत नाही असं दिसलं की घोटघोट पाणी, मग पातळ, मग मऊ. स्टेंट असेपर्यंत लहान घास, खूप चावून, बसून, मधेमधे पाणी, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. तोपर्यंत बेडवर बसवणं, दिवसातून दोनतीनदा चालवणं आणि श्वासाचा व्यायाम हे डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, छातीत नळी असताना दुखतं म्हणून पेशंट अर्धाच श्वास घेतात आणि मग न्यूमोनिया होतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक मिळालं तर बरंच सोपं जातं.

स्टेंट कायमचा नसतो, साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात, फार राहिला तर मांस वाढून चिकटतो आणि काढणं अवघड होतं. काढल्यावर अन्ननलिका परत आकसू शकते, मूळ त्रास तोच होता ना, त्यामुळे पुन्हा रुंद करायची वेळ येऊ शकते आणि ॲसिडची गोळी चालूच ठेवावी लागेल. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंट टाकल्याची तारीख, काढायची तारीख, आणि ताप, उलटी, छातीत दुखणं किंवा अचानक गिळता न येणं झालं तर रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.